धातू आणि ऑक्साइडच्या सांध्यावर हायड्रोजन कसा तयार होतो?

सोन्याच्या स्वच्छ, सपाट पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइड आणि पाण्याची वाफ सोडली, तर हायड्रोजन मिळत नाही. नुसत्या सिरियम ऑक्साइडवरही ही अभिक्रिया जेमतेम चालते. पण सोन्याच्या त्याच पृष्ठभागावर सिरियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण बसवले, की हायड्रोजन तयार होऊ लागतो.

दोन्ही पदार्थ तेच आहेत. नवीन आहे ती फक्त त्या दोघांना जोडणारी कड, म्हणजे धातू जिथे संपतो आणि ऑक्साइड सुरू होतं तो सांधा. हायड्रोजन तयार करणाऱ्या अनेक उत्प्रेरकांमध्ये खरं काम या सांध्यावर चालतं, हे गेल्या काही दशकांच्या संशोधनातून स्पष्ट होत गेलं आहे. हा सांधा करतो काय, ते कसं कळलं आणि त्याचा उपयोग किती, ते या लेखात पाहू.

आज हायड्रोजन येतो कुठून?

जगात दरवर्षी सुमारे ९.५ ते १० कोटी टन हायड्रोजन तयार होतो. त्यातला बहुतेक नैसर्गिक वायू आणि कोळशापासून येतो. कमी प्रदूषण करून तयार केलेल्या हायड्रोजनचा वाटा अजून १ टक्क्याच्याही खाली आहे. यातला मोठा भाग तेलशुद्धीकरण कारखाने आणि खत कारखाने वापरतात. युरियासाठी अमोनिया लागतो आणि अमोनियासाठी हायड्रोजन. रायगड जिल्ह्यातल्या थळच्या किंवा मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या खत कारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनिया बनतो. म्हणजे शेतात पडणाऱ्या युरियाच्या गोणीमागेही हायड्रोजन आहेच.

नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढण्याचे दोन मुख्य टप्पे असतात.

पहिला टप्पा: मिथेन + पाण्याची वाफ → कार्बन मोनॉक्साइड + हायड्रोजनचे ३ रेणू. यासाठी निकेलचा उत्प्रेरक आणि साधारण ७०० ते १००० अंश सेल्सिअस तापमान लागतं.

दुसरा टप्पा: कार्बन मोनॉक्साइड + पाण्याची वाफ → कार्बन डायऑक्साइड + हायड्रोजनचा १ रेणू. या अभिक्रियेला 'वॉटर-गॅस शिफ्ट' म्हणतात.

म्हणजे मिथेनच्या एका रेणूमागे मिळणाऱ्या हायड्रोजनच्या चार रेणूंपैकी एक या दुसऱ्या टप्प्यातून येतो. शिवाय हा टप्पा कार्बन मोनॉक्साइड कमी करतो. तो शिल्लक राहिला, तर अमोनिया बनवणारा पुढचा उत्प्रेरक खराब होतो. गाड्यांसाठीच्या इंधन घटातल्या प्लॅटिनमला तर दहा लाखांत दहाएक रेणू इतका कार्बन मोनॉक्साइडही त्रासदायक ठरतो.

सांध्याचं महत्त्व सर्वांत नीट कळलं ते याच दुसऱ्या टप्प्याच्या अभ्यासातून. त्यामुळे आपणही तोच मुख्य उदाहरण म्हणून घेऊ.

उत्प्रेरक इथे नेमकं काय करतो?

कोणतीही अभिक्रिया होण्यासाठी रेणूंमधले जुने बंध तुटावे लागतात. त्यासाठी सुरुवातीला ऊर्जा द्यावी लागते. ही ऊर्जा म्हणजे वाटेत आडवा आलेला डोंगर समजा. उत्प्रेरक म्हणजे त्या डोंगरातला बोगदा. निघायचं ठिकाण तेच, पोहोचायचं ठिकाण तेच, पण घाट चढायची गरज उरत नाही. उत्प्रेरक स्वतः खर्च होत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा वापरता येतो.

वॉटर-गॅस शिफ्टमध्ये उत्प्रेरकाची गरज आणखी एका कारणाने भासते. या अभिक्रियेतून उष्णता बाहेर पडते, दर मोलमागे सुमारे ४१ किलोज्यूल. अशा अभिक्रियेत तापमान जितकं कमी, तितकं जास्त कार्बन मोनॉक्साइडचं रूपांतर शक्य असतं. पण कमी तापमानाला अभिक्रिया मंदावते. कारखान्यांनी यावर मधला मार्ग काढला आहे. आधी लोह आणि क्रोमियमच्या ऑक्साइडवर ३५० ते ४५० अंशांना बराचसा वायू वेगाने बदलून घ्यायचा, मग तांबं आणि झिंक ऑक्साइड असलेल्या उत्प्रेरकावर २०० ते २५० अंशांना उरलेला वायू बदलायचा. कमी तापमानालाही वेगाने काम करणारा उत्प्रेरक मिळणं, हीच इथली खरी गरज आहे.

एकट्या धातूला हे का जमत नाही?

कारण इथे एकाच वेळी दोन वेगळी कामं करायची आहेत.

पहिलं काम कार्बन मोनॉक्साइड धरून ठेवण्याचं. ही पकड बेताची हवी. फार सैल असेल तर रेणू निसटून जातो आणि फार घट्ट असेल तर तो तिथेच अडकून जागा अडवतो.

दुसरं काम पाण्याचा रेणू तोडण्याचं. पाण्यातला ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा बंध मजबूत असतो. सोन्यासारखा आळशी धातू तो तोडू शकत नाही. तांबं तोडतं, पण सावकाश.

अनेक ऑक्साइडांची गोष्ट याच्या उलट आहे. त्यांच्या पृष्ठभागावर काही ठिकाणी ऑक्सिजनचा एखादा अणू निघून गेलेला असतो आणि तिथे रिकामी जागा राहते. पाण्याचा रेणू अशा जागेवर आला, की त्याचा ऑक्सिजन तिथे बसतो आणि रेणू तुटतो. पण कार्बन मोनॉक्साइड हाताळणं आणि तयार झालेल्या हायड्रोजनच्या अणूंच्या जोड्या लावणं ऑक्साइडला तितकं जमत नाही.

एका हाताने टाळी वाजत नाही, तसंच हे आहे. दोन कामांसाठी दोन पदार्थ हवेत आणि ते एकमेकांना चिकटलेले हवेत. कारण तुटलेल्या रेणूंचे तुकडे पृष्ठभागावर फार लांब जाऊन एकमेकांना भेटतील, याची खात्री नसते.

सांध्यावर काय घडतं?

सोनं आणि सिरियम ऑक्साइड यांच्या जोडीत ही प्रक्रिया साधारण अशी समजली जाते.

१. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू सोन्यावर, सांध्याच्या जवळ, येऊन बसतो.
२. शेजारच्या ऑक्साइडमधल्या रिकाम्या जागेवर पाण्याचा रेणू येतो आणि तुटतो.
३. सांध्यावर कार्बन मोनॉक्साइडला पाण्यातून आलेला ऑक्सिजन मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.
४. हायड्रोजनचे अणू जोडीने एकत्र येऊन वायूच्या रूपात निघून जातात.
५. ऑक्साइडवरची जागा पुन्हा रिकामी होते आणि पुढच्या पाण्याच्या रेणूसाठी तयार राहते.

मधल्या पायऱ्यांबद्दल शास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत. काहींच्या मते कार्बन मोनॉक्साइड थेट ऑक्साइडमधला ऑक्सिजन उचलतो. काहींच्या मते आधी कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन असलेला एक अल्पायुषी रेणू तयार होतो आणि तो नंतर तुटतो. पदार्थ आणि तापमान बदललं, की वाटही बदलू शकते. पण ही देवाणघेवाण सांध्यावर होते, याला भक्कम पुरावे आहेत.

सिरियम ऑक्साइड इतकं उपयोगी का, याचं उत्तर सिरियमच्या स्वभावात आहे. सिरियमचा अणू +४ आणि +३ या दोन अवस्थांमध्ये सहज ये-जा करतो. त्यामुळे त्याचं ऑक्साइड ऑक्सिजन सोडतं आणि परत घेतं. मोटारींच्या धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्येही ते याच गुणासाठी वापरतात.

सांध्यावर आणखी दोन गोष्टी होतात. एक म्हणजे धातू आणि ऑक्साइड यांच्यात इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होते. त्यामुळे कडेवरच्या धातूच्या अणूंची रेणूंवरची पकड बदलते. दुसरी म्हणजे ऑक्साइड धातूच्या कणांना जागेवर धरून ठेवतं आणि ते एकमेकांत मिसळून मोठे होण्याचा वेग कमी होतो.

हे सिद्ध कसं झालं?

सोनं हा रसायनशास्त्रात निष्क्रिय धातू समजला जायचा. जपानचे शास्त्रज्ञ मासाताके हारुता यांनी १९८७ मध्ये या समजाला धक्का दिला. ऑक्साइडवर बसवलेले सोन्याचे काही नॅनोमीटरचे कण उणे ७० अंश सेल्सिअसलाही कार्बन मोनॉक्साइडचं ज्वलन घडवून आणतात, असं त्यांनी दाखवलं. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. मोठ्या तुकड्यात सुस्त असलेलं सोनं बारीक कणांत आणि योग्य ऑक्साइडवर इतकं चपळ कसं होतं, या प्रश्नाने पुढच्या संशोधनाला दिशा दिली.

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात मारिया फ्लित्झानी-स्टेफानोपुलोस यांच्या गटाने २००३ मध्ये एक साधा पण निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी सिरियम ऑक्साइडवर सोनं बसवलेला उत्प्रेरक घेतला आणि तो सायनाइडच्या द्रावणाने धुतला. खाणीतल्या खनिजातून सोनं विरघळवून काढायला हेच रसायन वापरतात. या धुण्यात सोन्याचे सगळे कण निघून गेले. मागे राहिलं ते ऑक्साइडला घट्ट चिकटलेलं थोडंसं सोनं. अपेक्षा अशी, की उत्प्रेरकाचं काम आता थंडावेल. पण वॉटर-गॅस शिफ्ट पूर्वीइतकीच चालत राहिली. प्लॅटिनमच्या बाबतीतही तेच दिसलं.

याचा अर्थ, उत्प्रेरकातलं बहुतेक सोनं नुसतंच बसून होतं. काम करत होते ते ऑक्साइडशी बांधले गेलेले मोजके अणू. हे अणू सुटे असतात की त्यांचे लहान झुबके असतात, यावर पुढे बराच वाद झाला. पण महागड्या धातूचा मोठा भाग वाया जातो आहे, हा मुद्दा ठळकपणे पुढे आला.

२००७ मध्ये अमेरिकेतल्या ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या होजे रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी मांडणीच उलटी केली. नेहमी ऑक्साइडवर धातूचे कण बसवतात. त्यांनी सोन्याच्या सपाट पृष्ठभागावर ऑक्साइडचे कण वाढवले. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेला प्रयोग तो हाच. सोन्याचा २० ते ३० टक्के भाग सिरियम किंवा टायटॅनियमच्या ऑक्साइडने झाकला, की त्याचा वेग या अभिक्रियेसाठी चांगल्या समजल्या जाणाऱ्या तांब्याच्या पृष्ठभागाच्या जवळ पोहोचला. इथे सोन्याचे बारीक कण नव्हतेच. त्यामुळे सगळी किमया कणांच्या लहान आकाराची आहे, असं म्हणायला जागा उरली नाही. दोन्ही मांडण्यांमध्ये समान होता तो फक्त सांधा.

कण लहान केला की काय बदलतं?

यात एक सोपं गणित आहे. समजा, धातूचं वजन तेच ठेवून कणांचा व्यास निम्मा केला. मग कणांची संख्या ८ पट होते. सगळ्या कणांचा मिळून पृष्ठभाग २ पट होतो. पण सगळ्या कणांच्या कडांची एकूण लांबी ४ पट होते. व्यास एक चतुर्थांश केला, तर पृष्ठभाग ४ पट आणि कडांची लांबी १६ पट.

म्हणजे कण बारीक होत जातात तसा सांधा पृष्ठभागापेक्षा वेगाने वाढतो. याचा उपयोग पुरावा म्हणूनही करता येतो. अभिक्रियेचा वेग पृष्ठभागाच्या प्रमाणात वाढला, तर काम सगळ्या पृष्ठभागावर होत आहे. कडांच्या लांबीच्या प्रमाणात वाढला, तर काम सांध्यावर होत आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निकेल, पॅलेडियम आणि प्लॅटिनमचे नेमक्या मापाचे कण सिरियम ऑक्साइडवर बसवून अशीच मोजणी केली गेली. कार्बन मोनॉक्साइडच्या ज्वलनात तिन्ही धातूंसाठी सांध्याचाच प्रभाव दिसून आला.

विजेने पाणी फोडतानाही सांधा उपयोगी पडतो का?

हो. हरित हायड्रोजन म्हणजे सौर किंवा पवन विजेने पाण्याचं विद्युत अपघटन करून मिळवलेला हायड्रोजन. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली. तिची तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची आणि उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचं. या मार्गात सर्वांत मोठा खर्च विजेचा असतो. एक किलो हायड्रोजनमध्ये साधारण ३३ ते ३९ युनिट ऊर्जा असते, पण तो तयार करायला आजच्या यंत्रांना ५० ते ५५ युनिट वीज लागते. हा फरक कमी करण्यात उत्प्रेरकाचा मोठा वाटा आहे.

अल्कधर्मी द्रावणात काम करणारी यंत्रं तुलनेने स्वस्त पडतात, कारण त्यांत निकेलसारखे धातू चालतात. पण अशा द्रावणात हायड्रोजन पाण्याच्या रेणूतूनच तोडून काढावा लागतो आणि प्लॅटिनमसारखा नावाजलेला धातूही तिथे मंदावतो. अमेरिकेतल्या अर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या नेनाद मार्कोविच यांच्या गटाने २०११ मध्ये प्लॅटिनमवर निकेल हायड्रॉक्साइडचे नॅनोमीटर आकाराचे झुबके बसवले. तेव्हाच्या उत्तम उत्प्रेरकांच्या तुलनेत वेग ८ पटींनी वाढला. झुबक्यांच्या कडा पाणी तोडत होत्या आणि शेजारचं प्लॅटिनम हायड्रोजनच्या अणूंच्या जोड्या लावत होतं. इथे ऑक्साइडऐवजी हायड्रॉक्साइड आहे, पण कामाची वाटणी तीच.

२०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या होंग्जिए दाई यांच्या गटाने प्लॅटिनमशिवाय, निकेल आणि निकेल ऑक्साइड यांच्या सांध्यावर आधारलेला उत्प्रेरक मांडला. त्यावर चालणारं छोटं उपकरण साध्या १.५ व्होल्टच्या बॅटरीवर पाणी फोडत होतं. पाणी फोडायला तत्त्वतः किमान १.२३ व्होल्ट लागतात, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं महत्त्व कळतं.

मग कारखान्यांत हे अजून सगळीकडे का नाही?

एका अर्थाने आहेच. तांबं आणि झिंक ऑक्साइडचा उत्प्रेरक १९६० च्या दशकापासून कारखान्यांत आहे. त्यात धातू आणि ऑक्साइड शेजारी शेजारी असतात. झिंक ऑक्साइड तांब्याचे कण वेगळे ठेवतं. मात्र प्रत्यक्ष अभिक्रियेत त्याचा वाटा किती, यावर आजही चर्चा चालू आहे. पण अणूंच्या पातळीवर जाणीवपूर्वक रचलेले सांधे मोठ्या प्रमाणावर वापरण्यात काही अडचणी आहेत.

कण एकत्र येणं: तापमान जास्त राहिलं, की बारीक कण सरकत एकमेकांत मिसळतात. कण मोठे झाले, की वरच्या गणितानुसार सांधा झपाट्याने कमी होतो. तांब्याचा उत्प्रेरक ३०० अंशांच्या वर गेला, तर याच कारणाने कमजोर पडतो.

ऑक्साइडने धातू झाकून टाकणं: १९७८ मध्ये एक्सॉन कंपनीतल्या सॅम्युअल टॉस्टर आणि सहकाऱ्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. टायटॅनियम ऑक्साइडवर बसवलेलं प्लॅटिनम हायड्रोजनमध्ये ५०० अंशांपर्यंत तापवलं, की त्याची हायड्रोजन धरण्याची क्षमता जवळपास नाहीशी होत होती. ऑक्साइडचा पातळ थर धातूवर चढतो, हे त्याचं एक मुख्य कारण असल्याचं नंतर कळलं. म्हणजे ऑक्साइड जवळ हवं, पण सगळीकडे पसरलेलं नको. रॉड्रिग्ज यांच्या प्रयोगातलं २० ते ३० टक्क्यांचं प्रमाण इथे आठवावं.

विषबाधा: गंधक आणि क्लोरीन यांचे अंशही तांब्याच्या उत्प्रेरकाला निकामी करतात. पहिल्या टप्प्यातल्या निकेलवर कार्बनचा थर साचतो. तिथे सिरियम ऑक्साइडसारखा सोबती सांध्यावरून ऑक्सिजन पुरवून हा कार्बन काढून टाकायला मदत करू शकतो.

प्रयोगशाळा आणि कारखाना यांतलं अंतर: अनेक प्रयोग सपाट, स्वच्छ पृष्ठभागावर, काही तास किंवा काही दिवस चालतात. कारखान्यातल्या उत्प्रेरकाकडून काही वर्षांची चाकरी अपेक्षित असते. शिवाय अभिक्रिया चालू असताना सांधा स्वतःच बदलत राहतो. त्यामुळे आधी आणि नंतर काढलेली सूक्ष्मदर्शकातली छायाचित्रं पुरत नाहीत. काम चालू असतानाच त्याचं निरीक्षण करावं लागतं.

'स्वस्त हायड्रोजनचा शोध लागला' असं वाचाल तेव्हा

अशा पोस्ट समाजमाध्यमांवर वरचेवर फिरतात. त्या पुढे पाठवण्याआधी पाच प्रश्न विचारून पाहा.

१. अभिक्रिया कोणती? वॉटर-गॅस शिफ्ट, मिथेनची अभिक्रिया आणि पाण्याचं विद्युत अपघटन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.
२. '८ पट' किंवा '१० पट' वाढ कशाच्या तुलनेत? जुन्या, कमकुवत उत्प्रेरकाच्या तुलनेतली वाढ फारसं काही सांगत नाही.
३. उत्प्रेरक किती तास चालला आणि शेवटी त्याचा वेग किती उरला?
४. त्यात महाग धातू किती आहे?
५. ऊर्जा कुठून आली?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन बनवताना कारखान्यातून साधारण ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यातला सुमारे साडेपाच किलो अभिक्रियेतूनच येतो, उरलेला भट्टी तापवण्यातून. चांगला सांधा भट्टीचं इंधन थोडं वाचवू शकतो, पण अभिक्रियेतून निघणारा साडेपाच किलो वायू तो थांबवू शकत नाही. उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग बदलतो, तिचा हिशेब बदलत नाही. हायड्रोजन स्वच्छ आहे की नाही, हे कच्चा माल आणि वीज ठरवतात. त्या स्वच्छ हायड्रोजनसाठी किती वीज आणि किती महाग धातू मोजावा लागेल, हे मात्र बऱ्याच अंशी काही अणूंच्या रुंदीच्या या सांध्यावर ठरणार आहे.